श्वासाचा रकाना

"हात सैल सोडा, बाबा."

"सैलच आहे. याहून सैल सोडला तर गळून पडेल."

"आता बोलू नका. बोललं की बीपी वाढतं."

"अस्सं? मग तुझं किती असेल गं दिवसभर?"

स्वतःच्याच विनोदावर ते हसले, आणि मला पट्ट्यातली हवा सोडून पुन्हा पहिल्यापासून भरावी लागली. सकाळचे सव्वासहा झाले होते, सातला माझी ड्यूटी. स्वयंपाकघरातलं टेबल ते केवढं! एका बाजूला बाबांचा हात, दुसऱ्या बाजूला वही, मध्ये बीपीचं मशीन आणि चहाचे दोन कप, एवढ्यातच ते भरून जायचं. मी कानात स्टेथोस्कोप घालून पाऱ्याकडे बघत राहिले. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. ताप नाही. मग मनगट धरून, घड्याळ समोर ठेवून नाडी मोजली. पूर्ण मिनिटभर. बहात्तर. वहीतले चारही रकाने भरले: ताप, नाडी, श्वास, रक्तदाब. खाली सही केली, गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि जिना उतरले. तो वहीचा तिसरा दिवस होता.

मी हॉस्पिटलात आया आहे. पुरुषांचा वॉर्ड, बत्तीस खाटा, एकवीस वर्षं. तिथे मला नाव नाही. सगळे मावशी म्हणतात. डॉक्टर मावशी म्हणतात, काल लागलेली विशीतली सिस्टर मावशी म्हणते, आणि ऐंशीचे आजोबाही भांडं मागताना मावशीच म्हणतात. भांडं द्यायचं, भांडं घ्यायचं, चादर बदलायची, गेलेल्या माणसाचे डोळे मिटून हनुवटीला पट्टी बांधायची, ही माझी कामं. कागदावरची. कागदाबाहेर मी ताप बघते, नाडी बघते, बीपी घेते, कारण सिस्टर दोन आणि पेशंट बत्तीस. सही मात्र सिस्टरची. एवढी वर्षं दुसऱ्याच्या सहीखाली काम केल्यावर माणसाला आपली सही कशी येते हेही आठवेनासं होतं.

म्हणून त्या वर्षी नोटीसबोर्डावर कागद लागला तेव्हा मी तो चार वेळा वाचला. नर्सिंगच्या शिक्षणात आयांसाठी तीन जागा. शिक्षण दहावी, वय पंचेचाळीसच्या आत. मला तेव्हा चव्वेचाळीस पूर्ण होऊन आठ महिने झाले होते. पुढच्या वर्षीचा कागद माझ्यासाठी नसणार होता. हे शेवटचं दार होतं, आणि ते बंद झालं असतं तर साठीपर्यंत भांडीच उचलायची होती. माझी कंबर आताच वाकताना बोलायची. साठीपर्यंत ती काय काय बोलली असती कोण जाणे.

अटी दोन्ही बाजूंनी छापलेल्या. लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक, मुलाखत. आणि सातवी अट: अर्जदाराने घरातील एका प्रौढ व्यक्तीच्या ताप, नाडी, श्वास व रक्तदाब यांची नव्वद दिवस, दिवसातून दोन वेळा नोंद ठेवावी. व्यक्ती तीच असावी. खंड पडल्यास वही ग्राह्य धरली जाणार नाही.

"परीक्षेला घोकंपट्टी चालते," आमच्या इनचार्ज सिस्टर म्हणाल्या. त्या निवृत्तीला आलेल्या, चष्मा साखळीने गळ्यात, आवाज असा की कोमातला माणूस कूस बदलेल. "वहीला घोकंपट्टी चालत नाही. म्हणून ते लोक आधी वही बघतात. डोळ्यात तेल घालून लिही. दर आठवड्याला माझ्याकडे आण, मी सही करीन."

घरात प्रौढ व्यक्ती एकच. नवरा होता, तो लग्नानंतर चौथ्या वर्षी निघून गेला आणि जाताना रेडिओ घेऊन गेला. मूल झालं नाही. उरले बाबा. वय चौऱ्याहत्तर, एका ऑफिसच्या इमारतीत बत्तीस वर्षं लिफ्टमन. आयुष्यभर लोकांना दहा-दहा मजले वर नेलं, आणि आम्ही राहतो ती तिसऱ्या मजल्यावरची खोली बिनलिफ्टची. यावर त्यांचे सात-आठ विनोद ठरलेले होते, ते आळीपाळीने यायचे.

मी कागद दाखवला तेव्हा मात्र त्यांनी विनोद केला नाही. चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. मग म्हणाले, "तुला शाळेतून मीच काढली."

"जाऊ द्या ना, बाबा."

"का जाऊ द्या? तुझी आई अंथरुणाला खिळली, मला नोकरी सोडता येईना. तुझा दहावीचा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी मी तुला सांगितलं, आता घरी बस. तू रडलीसुद्धा नाहीस. रडली असतीस तर बरं झालं असतं." त्यांनी कागदाची घडी घातली. "नव्वद दिवस हातच द्यायचाय ना? घे. नव्वद काय, कायमचा ठेव."

आता त्या रकान्याबद्दल सांगायला हवं. सांगताना लाज वाटते, पण आमच्याकडे काम केलेल्या कोणालाही विचारा, तो मान खाली घालून हो म्हणेल.

श्वास मोजायचा तर पूर्ण मिनिट लागतं. शिवाय पेशंटला कळू न देता मोजायचा असतो, कारण कळलं की तो श्वास सांभाळून घ्यायला लागतो. नाडी धरून ठेवायची, नजर छातीवर ठेवायची, छाती वर गेली की एक. बत्तीस खाटांना बत्तीस मिनिटं, तीही फक्त श्वासाची. दहा वाजता डॉक्टर राउंडला येतात आणि साडेनऊला अजून अर्ध्या खाटांचा ताप बघायचा असतो. मग काय करायचं? मी नोकरीला लागले त्या वर्षी एका जुन्या आयाने मला तक्ता भरायला शिकवलं. ताप दाखवला, नाडी दाखवली, आणि श्वासाच्या रकान्याशी आल्यावर म्हणाली, "इथे वीस लिहायचं. झोपला असेल तर अठरा."

"मोजायचं नाही?"

"ज्याला धाप लागलीय तो दिसतोच की. त्याला मोजायला कशाला लागतं?"

मला ते पटलं. खरं तर ते खोटंही नव्हतं. धाप लागलेला माणूस वॉर्डाच्या दारातून दिसतो. तेव्हापासून माझ्या हातून त्या रकान्यात वीस गेलं, कधी अठरा. सिस्टरही तेच लिहायच्या. डॉक्टर तेच वाचायचे. एकवीस वर्षांत कोणी विचारलं नाही की या वॉर्डात सगळेच एका तालात कसे श्वास घेतात.

वहीतही मी वीस लिहिलं. ठरवून नाही. फसवावं असं डोक्यात असतं तर निदान आठवलं तरी असतं. ताप बघून, नाडी पूर्ण मिनिट मोजून, बीपी शंका आली तर दोनदा घेऊन मी लिहायची, आणि मधला रकाना हात आपोआप भरून पुढे जायचा.

वही सुरू झाली तसा अभ्यासही. सकाळी ड्यूटी, दुपारी साडेतीनला घर, पाचला बाबांची दुसरी नोंद, आणि मग पुस्तक. इनचार्ज सिस्टरनी त्यांची जुनी पुस्तकं दिली होती, पानं पिवळी, समासात त्यांच्या तरुणपणचं अक्षर. दोनशे सहा हाडं. औषधाची मात्रा काढायची गणितं, ज्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. सत्तावीस वर्षांनी वजाबाकी हातचे घेऊन करायला बसले की मी बोटं मोजायला लागायची. अर्ज भरलेल्या बाकीच्या आया तिशीतल्या. त्यांना एकदा वाचलं की राहायचं. माझं सकाळचं संध्याकाळी जायचं. पहिल्या सराव परीक्षेत शंभरांत एकतीस मिळाले, तेव्हा घरी येऊन मी पुस्तक माळ्यावर टाकलं. नाही जमणार, कळून चुकलं होतं मला.

बाबांनी स्टुलावर चढून ते खाली काढलं. तेव्हा ते स्टुलावर चढत होते.

"मी विचारतो, तू सांग," म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"मला कशाला कळायला हवं? उत्तरं छापलीत ना खाली. मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला किती ठोके देतं?"

"साठ ते शंभर."

"शरीराचं तापमान?"

सांगितलं.

"श्वास?"

"सोळा ते वीस," मी भांडी घासता घासता म्हणाले.

"बरोबर!" बाबा असे खूश झाले, जसं त्यांनीच उत्तर दिलं होतं.

असे आमचे दिवस गेले. रोज संध्याकाळी ते मास्तर आणि मी मठ्ठ विद्यार्थिनी. दुसऱ्या परीक्षेत अठ्ठेचाळीस, तिसऱ्या परीक्षेत बासष्ट. इनचार्ज सिस्टरनी आठवड्याची सही करताना वही डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाल्या, "अक्षर बघ कसं मोत्यासारखं काढलंय. तुझं होणार." एकवीस वर्षांत त्यांनी माझं कौतुक केलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी मी घरी जाताना सगळ्या जिन्यावर हसत होते, असं शेजारणीने नंतर सांगितलं.

चाळिसाव्या दिवसाच्या आसपास बाबांनी खाली जाणं बंद केलं. रोज सकाळी पेपर आणायला जायचे, कोपऱ्यावर दोन मित्रांशी तासभर भांडून यायचे. म्हणाले, "पेपरात काय असतं? आणि त्या दोघांचं तोंड बघून कंटाळलो." मी म्हटलं, बरं. मला अभ्यास होता. मग त्यांनी प्रश्न छोटे विचारायला सुरुवात केली. आधी अख्खा प्रश्न वाचायचे, आता नुसता शब्द वाचायचे. "यकृत," म्हणायचे आणि थांबायचे. मला वाटलं, मास्तर हुशार झाला, वेळ वाचवतोय. रात्री एक उशी घ्यायचे, त्या दोन झाल्या, मग तीन. नाडी बहात्तरची अठ्ठ्याऐंशी झाली. ती मी लिहिली. पायांवर सूज होती, ती मला दिसली नाही, कारण बाबा मोजे घालून बसायला लागले होते. थंडी वाजते म्हणायचे.

मी वॉर्डातली बाई आहे. आडवं झालं की धाप लागते म्हणून तीन उशा घेऊन झोपणारा माणूस मी शेकडो वेळा पाहिलाय. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर मी डॉक्टरांना हाताला धरून आणलं असतं. पण घरी मी वॉर्डातली बाई नव्हते. घरी मी परीक्षेला बसलेली मुलगी होते, आणि बाबा पेशंट नव्हते, वही होते. हे लिहायला जड जातं, पण तसंच होतं.

साठ दिवस झाल्यावर मात्र खोकला सुरू झाला, तेव्हा मी त्यांना दवाखान्याच्या रांगेत बसवलं. तीन मजले उतरायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली. प्रत्येक वळणावर ते भिंतीला टेकून म्हणायचे, "लिफ्ट बिघडलीय, थांबा जरा." आमच्याच वॉर्डातले तरुण डॉक्टर त्या दिवशी तपासत होते. बाहेर साठ-सत्तर माणसं. मला बघून ते म्हणाले, "अरे, मावशी! काय झालं?"

"वडील आहेत. खोकला आहे. थोडे थकल्यासारखे वाटतात."

"काही नाही हो, म्हातारपण," बाबाच बोलले. "हिची परीक्षा आहे. उगाच घाबरते."

"धाप लागते का, काका? रात्री उठून बसावं लागतं का?"

"छे. घोडा झोपतो तसा झोपतो."

"घोडा उभ्याने झोपतो, काका," डॉक्टर हसले. मीही हसले. मग मी पिशवीतून वही काढून पुढे केली. अभिमान वाटत होता मला. दोन महिन्यांच्या नोंदी, एक खाडा नाही. डॉक्टरांनी भराभर पानं उलटली. ताप नाही, बीपी व्यवस्थित, नाडी थोडी वाढलेली. बोट श्वासाच्या रकान्यावरून खाली सरकत गेलं. वीस, वीस, अठरा, वीस.

"श्वास तर मस्त आहे. साठ दिवस एकसारखा," ते म्हणाले. "नाडी वयामुळे असेल, जिना उतरून आलेत. खोकल्याचं औषध देतो. आणि मावशी, वही झकास ठेवलीय. आमच्या सिस्टर लोकांना दाखवायला पाहिजे."

त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच त्यांची चूक. त्यांनी बाबांच्या छातीकडे पाहिलं नाही, कारण मी पाहिलंय असं माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

परत येताना बाबा पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसले. मी त्यांना म्हटलं, "खरं सांगा, त्रास होतोय ना?"

त्यांनी वाकून मोजा वर ओढला. मग म्हणाले, "किती दिवस राहिले?"

"कशाचे?"

"वहीचे."

"अठ्ठावीस."

"मग ठीक आहे," म्हणाले. आणि कठड्याला धरून उठले.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी सकाळी नाडी एकशे चार होती. बीपी एकशे दहा, सत्तर. मी म्हटलं, आज रजा काढते, मोठ्या डॉक्टरांना दाखवू. बाबा म्हणाले, परवा प्रात्यक्षिक आहे ना तुझं, परवा झालं की जाऊ. तीन शब्द बोलायचे, थांबायचे, पुढचे तीन बोलायचे. आणि मी समोर बसून, त्यांच्या शर्टाची बटणं वर-खाली होताना समोर दिसत असताना, चारही रकाने भरले आणि ड्यूटीवर गेले. परवा तर परवा.

साडेतीनला आले तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर होते. डोकं टेबलावर टेकलेलं, गालाखाली उशी. पुस्तक बाजूला उघडं होतं. उजवी बाही कोपराच्या वर नीट दुमडून ठेवलेली होती. संध्याकाळच्या नोंदीला अजून दीड तास होता. मी मनगट धरलं. ते धरल्यावर काय कळतं, हे मला पुस्तकाशिवाय कळत होतं.

डोळे मी मिटले. हनुवटीची पट्टीही मीच बांधली. कामाची सवय. शेजारीण दारात रडत होती आणि मी तिला सांगत होते की जिन्यातून नेताना डोकं वरच्या बाजूला ठेवायला लावा. मला रडू आलं नाही. बाबांनी माझ्यात हीच खोट काढली होती, तेव्हाही आणि आताही तीच.

प्रात्यक्षिक दिलं. कसं दिलं ते विचारू नका, पण दिलं. घरी बसून काय केलं असतं? बाहुल्याच्या दंडाला पट्टा बांधला, चादर कोपरे दुमडून घातली. तिथल्या कोणाला काही माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

सातव्या दिवशी वॉर्डात गेले तेव्हा इनचार्ज सिस्टरनी मला चादरींच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. दुपारची वेळ, बाहेर कोणीतरी सलाइनचा स्टँड ओढत होतं. त्यांनी आधी मला जवळ घेतलं. त्यांच्या साखळीचा चष्मा आमच्या दोघींच्या मध्ये टोचत होता. मग म्हणाल्या, "वही कुठाय?"

"तिचं काय आता? चौऱ्याऐंशीला तुटली."

"मी विचारलं, कुठाय?"

पिशवीत होती. का ठेवली होती, मलाही सांगता येणार नाही. त्यांनी ती चादरींच्या गठ्ठ्यावर उघडून ठेवली. "तेरा नोंदी राहिल्यात. एक त्या संध्याकाळची आणि सहा दिवसांच्या बारा. बस आणि भर."

"सिस्टर, ते—"

"ते गेलेत, मला माहीत आहे. समितीला माहीत नाही. ते बाहेरून येतात, त्यांना तू कोण आणि तुझा बाप कोण. वही परवापर्यंत द्यायची आहे. दुसरं माणूस घेऊन पहिल्यापासून सुरू करशील तर तोवर तुझं पंचेचाळीस उलटेल." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अगं, त्यांनी काय म्हणून रोज हात दिला? सांग ना. तुटलेली वही घरात ठेवायला?"

मी पिशवीतून पेन काढलं.

मी बसले. "रोज तेच आकडे टाकू नकोस," सिस्टर म्हणाल्या, "थोडं वर-खाली कर," आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ताप लिहिताना पेन अडलं. बाबांना ताप किती होता म्हणून लिहू? नाडीला अडलं. एकशे चारच्या पुढे काय लिहायचं, वाढवायची की उतरवायची, ते बरे होत होते की नव्हते, हे मला ठरवायचं होतं. मी त्यांना बरं केलं. पंच्याण्णव, ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी. नव्वदाव्या दिवशी चौऱ्याऐंशी. एकेक आकडा लिहायला मला मिनिट-मिनिट लागत होतं. बीपीला तसंच.

श्वासाच्या रकान्यात मात्र हात थांबला नाही. वीस. अठरा. वीस. वीस. तेरा घरं भरून झाली तेव्हा मला कळलं की त्यासाठी मी काहीच ठरवलं नव्हतं.

मी पान उलटून मागे गेले. त्र्याऐंशीवा दिवस, ऐंशीवा, बासष्टावा, चाळिसावा, तिसरा. नाडी बदलत होती, बीपी बदलत होतं, त्या आकड्यांत माणूस होता, थकत होता, उतरत होता. आणि मधला रकाना पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच. ते जिवंत असताना मी जे लिहिलं तेच ते गेल्यावर लिहिलं. एकशे सदुसष्ट वेळा तो माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर छाती वर-खाली करत बसला होता आणि मी एक मिनिट, एकदाही, त्याच्याकडे बघितलं नाही. मोजलं असतं तर? पंचवीस दिसले असते, मग अठ्ठावीस, मग बत्तीस. पन्नासाव्या दिवशी कळलं असतं. पन्नासाव्या दिवशी औषध असतं.

"झालं?" सिस्टरनी विचारलं.

"सिस्टर, हा श्वास मी कधीच मोजला नाही."

त्या वळल्या. वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना काय म्हणायचं होतं कोण जाणे. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि उरलेल्या पानांवर सह्या केल्या, नव्वदाव्या दिवसापर्यंत. "माझ्या चाळीस वर्षांत मीही नाही," त्या म्हणाल्या. मग दार उघडून वॉर्डात गेल्या आणि कोणावर तरी ओरडल्या.

मुलाखत सकाळी दहाला होती. लांबलचक टेबल, पलीकडे तिघं, मधोमध एक पांढऱ्या केसांच्या शिक्षिका. प्रश्न सोपे निघाले. हाडं विचारली, मात्रेचं एक गणित घातलं, ते तोंडी आलं. लेखी परीक्षेत मला अठ्ठ्याहत्तर होते, असं त्यांनीच सांगितलं. मग त्यांनी माझी वही ओढली आणि सावकाश बघू लागल्या. बाकीच्या वह्या शेजारी पडल्या होत्या. कुणाची पानं डागाळलेली, कुणाच्या मधल्या तारखा गाळलेल्या.

"हे बघा," त्या शेजारच्या गृहस्थांना म्हणाल्या. "नव्वद दिवस. एक खाडा नाही. प्रत्येक आठवड्याला सही. आणि ही नाडी पाहा, मध्ये वाढलीय, नंतर उतरलीय. हिने खरोखर मोजलंय, नाहीतर लोक सगळीकडे बहात्तर टाकतात." त्या माझ्याकडे वळल्या. "आजारी होते का मध्ये?"

"हो."

"कोण आहेत हे?"

"वडील."

"आता कसे आहेत?"

खिडकीतून ऊन थेट तोंडावर येत होतं. मागच्या बाकावर माझ्यानंतरची उमेदवार बसली होती, तिशीतली असेल, मांडीवर तिची वही. मला वाटलं, सांगून टाकावं. ते गेले, तेरा नोंदी खोट्या आहेत, आणि एकशे सदुसष्ट त्याहून खोट्या आहेत. सांगितलं असतं तर ती जागा त्या मुलीला गेली असती आणि मी दुपारी परत भांडी उचलायला. आणि बाबांनी पायरीवर बसून मोजलेले अठ्ठावीस दिवस, तेही गेले असते. त्या शिक्षिका पेन हातात धरून थांबल्या होत्या. चेहरा चांगला होता त्यांचा.

"बरे आहेत," मी म्हणाले.

"असणारच. घरात अशी मुलगी असल्यावर." त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर काहीतरी लिहिलं आणि ती डाव्या बाजूच्या छोट्या गठ्ठ्यात ठेवली. तिथे आधीच एक वही होती. "त्यांना आमच्याकडून सांगा, तुमची वही पहिल्या नंबरची आहे. असा पेशंट मिळायला नशीब लागतं."

"सांगते," मी म्हणाले. उठले, खुर्ची टेबलाखाली सरकवली, आणि पुढच्या मुलीला वाट करून दिली.